धम्मशीलाच्या पुळ्या

७ जानेवारी, मंगळवार

दवाखान्यातल्या मॅडमनी सांगितलं, "रुख्मिणबाई, आता रोज अंगात काय होतं ते लिहून ठेवायचं. ताप आला, जुलाब झाले, अंगावर काही उठलं, सगळं." खताच्या दुकानानं दिलेली डायरी घरात कोरीच पडली होती. जल्मभर अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं लिहिली, आता आपलं लिहायचं. पण ही मॅडमला दाखवायची न्हाई. त्यांना तोंडी सांगीन. हितं मला वाटंल ते लिहिणार.

आज नवं इंजेक्शन सुरू झालं. मोठ्या आतड्यातली गाठ गेल्या उन्हाळ्यात कापली, पण तिनं तवर लिव्हरमधी पिल्लं घालून ठेवली होती. आधीच्या औषधानं हातापायाला मुंग्या आल्या, गाठी मात्र जागच्या हलल्या न्हाईत. मग कापलेल्या गाठीचा तुकडा तपासणीला गेला. त्यातल्या जीनमधी ठरावीक बदल निघाला असता तर हे औषध मला चाललंच नसतं. माझ्यात बदल न्हाई निघाला. मॅडमनी कागदावर गोल काढून समजावलं, की गाठीच्या पेशीला बाहेरून एक कुलूप असतं, तिथून "वाढ, वाढ" असा हुकूम आत जातो, हे औषध त्या कुलपातच जाऊन बसतं. पण बदल नसला तरी कुणाला लागू पडंल आन कुणाला न्हाई, हे आधी छातीठोक सांगता येत न्हाई म्हणाल्या. मार्चमधी पुन्हा स्कॅन. गाठी कमी झाल्या तर इंजेक्शन चालू, वाढल्या तर बंद. बंद झाल्यावर पुढं काय, ते मी विचारलं न्हाई.

शेजारच्या खुर्चीवर आणखी एक बाई होती, तिचंबी आजच सुरू झालं. धम्मशीलाबाई, बोरीच्या शाळेत मास्तरीण. तिचीबी आतड्याचीच गाठ, लिव्हरमधी गेलेली, तपासणीबी माझ्यासारखीच आली. फरक इतकाच की तिची उजव्या बाजूला होती आन माझी डाव्या. बघा, गाठ आली तीबी तिला उजवीकडं! मॅडम मला म्हणाल्या, "डावीकडच्यांना हे औषध सहसा जास्त मानवतं." माझं तोंड पडलेलं बघून धीर द्यायला बोलल्या असतील.

तिची पोरगी संघप्रिया दिवसभर तिच्या उशाला बसून होती. आमच्या ह्यांनी मला झरीच्या फाट्यावर गाडीत बसवलं आन गिरणी उघडायला गेले. गिऱ्हाईक खोळंबतं म्हणे.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. हळदीकुंकवाला गेले. समद्या म्हणायल्या, "रुख्मिण, तू आजारी हायस असं कुणी म्हणणार न्हाई. चेहरा कसा साफ!" लय दिवसांनी कुणी माझ्या चेहऱ्याचं नाव काढलं. जरा जास्तच तिळगूळ खाल्ला.

२१ जानेवारी, मंगळवार

धम्मशीलाबाई बोरीला गाडीत चढली. तोंडाला ओढणी गुंडाळलेली. मी खिडकीची जागा तिच्यासाठी पिशवी टाकून धरली होती. बसल्यावर तिनं ओढणी काढली आन मी "अगं माय!" म्हणून ओरडलेच. नाक, गाल, हनुवटी, कपाळ, सगळीकडं लाल लाल पुळ्या, काहींची टोकं पांढरी. छातीवर, पाठीवरबी हायत म्हणाली. साबण लावला की आग होती, उशीला गाल टेकवत न्हाई.

"शाळेतली पोरं काय म्हणत्यात?" मी विचारलं.

"पोरं काय म्हणणार! एक पोरगी म्हणली, बाई, तुमी पुन्हा कॉलेजला जायलाव का?" आन स्वतःच खदखदून हसली. हसताना ओठाच्या कोपऱ्यातून रक्त आलं.

वरवर मी चुकचुकले. आतून मला बरं वाटलं, लिहायला काय लाज? शिकलेली बाई, हाताशी पोरगी, पगार, पण अंगात उष्णता लय असणार. माझ्या अंगाला औषध कसं गुमान मानवलं.

दवाखान्यात मॅडमनी तिचं तोंड हातात धरून बघितलं, शिकाऊ डॉक्टरांना बोलावलं, फोटो काढला, मलम दिलं, गोळ्या दिल्या, उन्हात फिरू नका म्हणाल्या. खूश दिसत होत्या. मग माझ्याकडं वळल्या.

"तुम्हाला काही उठलं नाही?"

"न्हाई मॅडम! एकदम साफ."

"बरं," म्हणाल्या आन पुढं गेल्या. एवढंच. बरं!

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज माझं डोस्कं फिरलंय.

सलाईन चालू होतं. मॅडम शिकाऊ पोरांना घेऊन धम्मशीलाच्या खुर्चीपाशी उभ्या. पोरांना सांगायल्या, "हे औषध गाठीवरच्या कुलपात बसतं तसं कातडीवरच्या कुलपातही बसतं. म्हणून पुरळ. ज्यांना पुरळ जास्त, त्यांच्यात औषध जास्त चालताना दिसतं. मात्र..." तेवढ्यात माझं मशीन वाजायला लागलं, नर्स आली, "मात्र"च्या पुढचं मला ऐकू आलं न्हाई. ऐकायचं राहिलंबी काय होतं!

म्हणजे ज्या पुळ्या बघून मी मनात हसत होते, ती पावती होती. औषध पोचल्याची. आन माझं तोंड साफ म्हणजे औषध कुठंच पोचलं न्हाई, नुसतं नळीतून आलं आन लघवीतून गेलं.

तिच्या पापण्याबी वाढल्यात. चांगल्या लांब, वर वळलेल्या, शिनिमातल्या बाईला असत्यात तशा. तेबी औषधानंच होतं म्हणे. माझ्या पापण्या होत्या तेवढ्याच, मी नखानं ओढून बघितल्या.

दुपारी संघप्रियानं डबा उघडला. मऊ भाकरी, वरण, मेथी. धम्मशीला म्हणाली, "रुख्मिणताई, या, घ्या." मी म्हणलं भूक न्हाई. पोटात कावळे ओरडत होते. पण ज्या बाईला पुळ्या हायत तिच्या हातची भाकरी मला गिळवली नसती.

येताना गाडीत ती झोपली. मी तिच्या कपाळावरच्या पुळ्या मोजायले आन मधीच सोडून दिलं. सगळ्या माझ्याच होत्या आन तिला गेल्या, असं वाटायलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेंगदाणे-गूळ. दुपारी भजी. वर आंब्याचं लोणचं, गेल्या सालाचं, तेलात बुडलेलं. लहानपणी एवढ्यात तोंड फुटून यायचं.

८ फेब्रुवारी, शनिवार

उजव्या गालावर एक आली!! देवाला साखर ठेवली. ह्यांना दाखवली तर म्हणाले, "मच्छर चावलाय." संध्याकाळपर्यंत बसूनबी गेली. खरंच मच्छर होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार

"पप्पूची माय, आरशात काय बघायलीस घडोघडी? या वयात?" हे म्हणाले.

मी रडले. म्हणाले काय झालं, तर मी म्हणलं, मला पुळ्या न्हाईत. मग त्यांनी पुण्याला पप्पूला फोन लावला, की आईच्या डोक्यावरबी परिणाम व्हायलाय. पप्पू म्हणे, आई, टेन्शन घेऊ नको, पॉझिटिव्ह राहा. पॉझिटिव्ह राहून पुळ्या येत असत्या तर अजून काय पाहिजे होतं? संघप्रिया आईच्या पाठीला मलम चोळती. माझं पोरगं फोनवर शब्द चोळतंय.

पुढच्या मंगळवारी मॅडम पुन्हा माझं तोंड बघणार. पुन्हा "बरं" म्हणणार. आन एखाद्या दिवशी म्हणणार, रुख्मिणबाई, तुम्हाला काही लागू पडत नाही, बंद करू. मला अजून मरायचं न्हाई. पप्पूचं लग्न राहिलंय. मला लय जगायचंय, धम्मशीलापेक्षा एक दिवस तरी जास्त.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बिब्बा लावला.

देवळीतल्या डब्यात बिब्बे होतेच. टाचेच्या भेगांना लावायला ठेवलेले. हे गिरणीवर गेल्यावर सुईला टोचून दिव्यावर धरला, काळं तेल सुटलं. काडीनं बारीक बारीक टिपके दिले. गालावर, हनुवटीवर, कपाळावर, जरा छातीवर. बिब्बा मला उततो हे ठाऊक हाय. लहानपणी मायनं पायाला लावला होता तर पोटरी सुजली होती. तेच पाहिजे होतं. थोडंसंच उठावं, मॅडमला दिसंल एवढं. मॅडमनी लिहून घेतलं की पुरळ आलं, म्हणजे इंजेक्शन चालू राहील. मग औषधालाबी टाइम भेटंल काम करायला. यात कुणाचं काय वाईट केलं मी?

१६ फेब्रुवारी, रविवार

आग. नुसती आग. डोळे उघडंनात. ह्यांनी तीळ वाटून लावले, वर खोबऱ्याचं तेल. विचारलं काय लावलंस, मी म्हणलं, इंजेक्शनचं हाय. त्यांनी तसंच बसून तोंडावर पंखा हलवला. आज गिरणी उघडली न्हाई.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गाडीत धम्मशीलाची जागा धरली न्हाई, तिनंच येऊन शेजारची पिशवी उचलली आन बसली. माझ्याकडं बघितलं. सुजलेलं तोंड, फोड, पाणी सुटलेलं. लय वेळ बघितलं तिनं. मी खिडकीकडं तोंड केलं. मनात म्हणलं, बघ, आता माझ्याकडंबी हाय. तुझ्यापेक्षा जास्त.

दवाखान्यात आधी एक तरुण डॉक्टर आले. बघून घाबरलेच. "हे फारच जास्त आहे. आजचा डोस द्यायचा नाही. पुढंही औषध कमी करावं लागेल, कदाचित बंदच."

बंद? पुळ्या आल्या म्हणून बंद? मी म्हणलं, "साहेब, पुळ्या आल्यावर तर औषध लागू पडतं ना?" ते म्हणाले, "आल्या तर चांगलं, पण इतक्या आल्या तर थांबवावं लागतं, आजी." आजी म्हणाला मला.

आन तेवढ्यात पलीकडच्या खुर्चीवरून धम्मशीला उठली, सलाईनचा खांब ढकलत आली. "डॉक्टर, हे इंजेक्शनचं न्हाई. बिब्बा हाय हा. काळे टिपके बघा ना मधी. आमच्याकडं कुणीबी ओळखंल. तिचं औषध बंद करू नका."

मेली! समद्या वॉर्डसमोर! मग मॅडम आल्या, त्याबी इकडच्याच, एक नजर टाकली आन कपाळावर हात मारला. "रुख्मिणबाई, बिब्बा लावलात? कशासाठी?" सांगितलं मी. आता लपवून काय करणार? नर्स हसल्या. मॅडम न्हाई हसल्या. माझ्या शेजारी स्टूल ओढून बसल्या. "पुरळ ही नुसती खूण आहे हो. पुरळ नसून गाठी कमी झालेले पेशंट आहेत, आणि भरपूर पुरळ असून..." आन एकदम थांबल्या, धम्मशीलाच्या खुर्चीकडं बघितलं, आवाज खाली केला. "चेहरा वाळू द्या. पुढच्या मंगळवारी या, डोस देऊ. औषध चालूच राहील."

येताना मी धम्मशीलाशी एक शब्द बोलले न्हाई. बोरीला उतरताना ती म्हणाली, "रागावलाव का, ताई?" मी डोळे मिटून घेतले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चुगली केली तिनं. स्वतःच्या पुळ्या खऱ्या न माझ्या खोट्या, हे समद्यांना दिसावं म्हणून. शिकलेली माणसं अशीच. वाकडं बोलत न्हाईत, हसून चिरत्यात.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज एकटीच गेले. तिची पाळी पुढच्या मंगळवारी. बोरीला गाडी थांबली, कुणी दुसरीच बाई कोंबडी घेऊन चढली आन शेजारी बसली. जागा लय ऐसपैस होती तरी बसायला बरं वाटंना. डोस दिला. तोंडाची कातडी सोलून निघायली. खालून पुन्हा साफच.

११ मार्च, मंगळवार

डोस. पुन्हा एकटी. बिब्ब्याचे डाग राहिलेत. नर्स विचारती, "मावशी, आज काय लावून आलात?" हसा, हसा. मी तिला म्हणलं, तुझ्या लग्नाला लावीन थोडा.

१८ मार्च, मंगळवार

दोघींचा स्कॅन. मॅडमनी मुद्दाम एकाच दिवशी ठेवला. ती गाडीत चढली तर मी पिशवी उचलली, मनात नव्हतं तरी. पुळ्या आता वाळल्यात, काळे डाग पडलेत, नखांच्या कडा चिरल्यात, बोटांना पट्ट्या. पण बारीक किती झाली! साडी कशी अंगाला चापून बसली होती. मी बघा, भजी खाऊन पोत्यावानी. मी म्हणलं, "तुमी तर पोरीसारख्या दिसायलाव." ती म्हणाली, "हो ना!"

दुपारी तिनं तिचा सगळा डबा मला दिला. एक घास खाल्ला न्हाई. घरी एवढी सरबराई होत असंल तर दवाखान्यात कशाला भूक लागंल? मी खाल्लं. राग असला तरी मेथी चांगली होती.

खाताना ती म्हणाली, "ताई, बिब्ब्याचं मी बोलले ते मनात ठेवू नका. तुमची सुई चुकू नये एवढंच मला वाटलं." असं गोड बोलायलाबी शिकवत असतील मास्तरणींना.

२५ मार्च, मंगळवार

पहिलं माझं नाव पुकारलं. मॅडमनी पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी लावले, जानेवारीचा आन आताचा. लिव्हरमधले डाग दाखवले. "रुख्मिणबाई, गाठी निम्म्यानं कमी झाल्यात. बघा तुमच्याच डोळ्यांनी."

मला पटंना. "पुळ्या नसताना?"

"पुळ्या नसताना. असंच चालू ठेवायचं."

मी तिथंच मॅडमचे पाय धरले. बाहेर आले तर जीव नुसता उतू जायला. कधी एकदा धम्मशीलाला सांगते असं झालं, आन सांगताना तिचं तोंड कसं होतं ते बघायचंबी होतं. पण ती आत गेलेली. संघप्रियालाबी आत बोलावलं. लय वेळ. माझं एवढ्यात उरकलं आन तिला मॅडम इतका वेळ काय सांगायल्या? दारातून दिसलं, मॅडमनी तिचे दोन्ही हात हातात घेतले होते. माझे घेतले न्हाईत. तवाच ओळखलं, हिचं माझ्यापेक्षा लय चांगलं आलंय. निम्म्या काय, समद्याच गेल्या असतील.

बाहेर आली ती सरळ माझ्याकडं. "आधी तुमचं सांगा."

"निम्म्या," मी म्हणलं.

तिनं मला मिठी मारली. चिरलेली बोटं माझ्या पाठीत रुतली. रडली. "लय बरं झालं, ताई. लय बरं झालं." माझ्यासाठी एवढी रडायला ही कोण माझी?

"तुमचं?"

"माझं तर इंजेक्शनच बंद केलं बघा," ती हसली. "म्हणल्या, आता कशाला एवढ्या लांब हेलपाटे घालता? घरीच राहा. दुखलं तर घ्यायला गोळ्या दिल्या. परभणीहून नर्स येणार, गाडी करून, माझ्या दारात."

घ्या! मला वाटलंच होतं. पुळ्या फळल्या बाईच्या. मी आपली एसटीत धक्के खात सुया टोचून घ्यायला येणार, आन हिच्या दारात नर्स. पोरीलाबी केवढा आनंद झाला होता, नळावर तोंड धुऊन आली तरी डोळे लाल होते. मी तिला म्हणलं, "सुटली बाई तुझी आई." पोरगी मान खाली घालून पिशव्या उचलायली.

गाडीत धम्मशीला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. देवगाव फाटा गेला, जिंतूर गेलं, मी खांदा हलवला न्हाई. बोरीला कंडक्टरनं गाडी तिच्या गल्लीच्या तोंडाला थांबवली. माझ्यासाठी कधी थांबवली न्हाई. उतरताना म्हणाली, "मंगळवार चुकवू नका, ताई. आळस करू नका." मला शिकवायली, सुट्टी झालेली!

घरी आल्यावर ह्यांनी पेढे आणले, गल्लीत वाटले. मी त्यांना दोघींचंबी सांगितलं. माझं ऐकून डोळ्यात पाणी आलं त्यांच्या. तिचं ऐकलं आन हातातला पेढा तसाच ठेवला.

"इंजेक्शन बंद केलं म्हणली?"

"हो ना. लागू पडलं तिला."

ह्यांनी पेढ्यांचा पुडा मिटवला. मग म्हणाले, "उद्या गिरणी बंद ठेवतो. आपण बोरीला जाऊन येऊ."

"कशाला?"

"जाऊन येऊ गं."

माझ्यासाठी फक्त मच्छर चावला तवा न् बिब्बा उतला तवाच काय ते बघितलं ह्यांनी, आन तिच्यासाठी गिरणी बंद! खरं लिहिते, मला लय जळायलंय. एवढी चांगली बातमी आली तरी पेढा गोड लागंना. एकाच दिवशी सुई सुरू झाली आमची, एकच औषध. मग तिचीच सुट्टी आधी का? पुढच्या डोसला मॅडमला तोंडावर विचारणार हाय, बोरीच्या बाईंना दिली तशी सुट्टी मला कधी देताव?